अकराव्या मुलाखतीतल्या पिवळ्या ओळी

वैशाखात कूलर बाहेर काढला की आमच्या घरी सगळे खूश होतात आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. आई म्हणते, "तिथे भट्टी पेटलीय, इथे येऊन बस." मी काहीतरी काम काढते. तो लोखंडी कूलर सुरू होताना आधी एक खडखडाट करतो, मग वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकायला लागतं आणि मग एकसुरी घरघर सुरू होते. त्या घरघरीच्या खाली मला कुणीतरी बोलतंय असं वाटतं. हेडफोन कानात नसतानाही मी कान टवकारते.

जळगावात दुपारी एक ते पाच या वेळात बाहेर पडणं म्हणजे शिक्षाच. डांबर बुटाला चिकटतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गावाबाहेर केळीच्या बागांना पश्चिमेकडून जुन्या साड्यांचे आडोसे बांधलेले असतात, तरी पानांच्या कडा करपतातच. अशा उन्हात केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्यांच्यातली एखादी पोटुशी आहे का, हे मी कधी बघितलं नव्हतं. ते बघायचं काम मला चार उन्हाळ्यांपूर्वी मिळालं.

एका आरोग्य अभ्यासासाठी मुलाखती घ्यायच्या होत्या. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या गरोदर बायका, त्यांची बाळंतपणं, ज्यांचं बाळ गेलं त्यांचे अनुभव. धरणगाव, भडगाव आणि धुळ्याकडची काही गावं. मी समाजकार्य शिकलेली, जळगावच्या रेल्वे वस्तीत वाढलेली. अहिराणी मला समजते, बोलता अर्धीमुर्धी येते. मुलाखत रेकॉर्ड करायची, घरी येऊन शब्द न शब्द कागदावर उतरवायची, मग विश्लेषण. विश्लेषण म्हणजे ओळीच्या कडेला त्या ओळीचा अर्थ दोन-तीन शब्दांत लिहायचा: 'कामाचं ओझं', 'वाहन मिळायला उशीर', 'निर्णय सासूकडे'. सारख्या अर्थाच्या ओळी वेगवेगळ्या बायकांच्या मुलाखतींतून कापून एका जागी आणायच्या. त्याला आम्ही कोडिंग म्हणायचो. सुरुवातीला मला ते फार आवडलं. पसारा आवरल्यासारखं वाटायचं. एक बाई रडत जे सांगते आणि दुसरी हसत जे सांगते ते एकाच ओळीखाली नीट बसतं, हे बघून मी खरंच खूश व्हायचे. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

अकरावी मुलाखत गिरणेकाठच्या एका गावातली. तिचं नाव मी रेखा म्हणते, खरं वेगळं आहे. वय बावीस. पहिलं बाळंतपण आठव्या महिन्यातच, भर दुपारी, भडगावला नेताना वाटेत रिक्षातच झालं. बाळ मेलेलंच जन्मलं, असं कागदावर होतं. त्याला महिना झाला होता.

घरात शिरले तेव्हा कूलर चालू होता. रेखाची सासू, लीलाबाई, खाटेवर बसल्या. रेखा खाली, भिंतीला टेकून. मी रेखाला विचारायचे आणि लीलाबाई सांगायच्या. मी पुन्हा रेखाकडे बघून विचारायचे आणि लीलाबाई पुन्हा सांगायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तिले काय इचारतस? ती बेसुद व्हती. तिले काय ठाऊक शे?" तुसड्या नव्हत्या. माझ्यासाठी हातपंखा शोधून दिला होता. मध्येच माठातलं पाणी आणायला त्या आत गेल्या.

त्या आत असताना रेखा बोलली. जमिनीकडे बघत, भराभर, कूलरच्या घरघरीत. मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "हं. बरं, बरं."

मी मान डोलावली. समजल्यासारखी. त्या दिवसातली ती चौथी मुलाखत होती आणि साडेचारची एसटी चुकली तर पुढची सहाला होती. लीलाबाई तांब्या घेऊन आल्या, मी पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला?"

उतरवून काढताना त्या जागी मी चौकोनी कंसात 'अस्पष्ट' लिहिलं. तशी पद्धतच आहे. प्रत्येक मुलाखतीत दोन-चार ठिकाणी तसं येतं. गाडी गेली, कोंबडी ओरडली, कुणी तोंडावर पदर घेऊन बोललं. कुणी त्याबद्दल विचारत नाही.

मे महिना अर्धा सरला तेव्हा अभ्यास चालवणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा निरोप आला की पहिल्या पंधरा मुलाखतींचं विश्लेषण पाहिजे. आमची कामाची खोली एका दवाखान्याच्या मागे होती, पत्र्याची. मी ओला पंचा मानेवर ठेवून कागदांवर वाकलेली असायचे. कोण किती बोललं ते कळावं म्हणून मी रंग ठरवले होते. मुलाखत देणारीच्या ओळी पिवळ्या, घरातल्या इतरांच्या निळ्या. अकरावी मुलाखत रंगवून झाली तेव्हा अकरा पानं निळी दिसत होती. पिवळं मी बोटांवर मोजलं. "हां." "हां." "नही." "माले म्हाईत नही." "हां." आणि पाचव्या पानावर मोकळा सोडलेला एक लांब पट्टा, रेखा सगळ्यात जास्त बोलली होती ती जागा, आणि तिथे माझ्याच अक्षरात एकच शब्द.

या मुलाखतीतून मी 'निर्णय सासूकडे' या मथळ्याखाली चार ओळी आधीच कापून घेतल्या होत्या. म्हणजे या मुलीला घरात बोलू देत नाहीत हे मला कळलं होतं, ते मी लिहूनही ठेवलं होतं. आणि ती जेव्हा बोलली तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

तो तुकडा मी वीस-पंचवीस वेळा ऐकला. आवाज वाढवून, कमी करून, सावकाश करून. कूलर, कूलर आणि त्यात माझं ते "बरं, बरं" मात्र अगदी स्वच्छ. शेवटी नानांकडे गेले. नाना धुळ्याकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अहिराणी मुलाखती उतरवायला आमच्याकडेच काम करायचे, गुप्ततेच्या कागदावर त्यांचीही सही होती. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि तीनदा ऐकलं. मग पेन्सिलीने, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, माझ्याच पानाच्या कडेला लिहिलं:

'पोऱ्या रडना व्हता, ताई. दोन येळा रडना. मी ऐकं. त्या म्हंतस, मरेलच व्हता. कोन्ही लिखं नही. तुमी लिखी ल्या.'

म्हणजे पोरगं रडलं होतं, दोनदा, आणि तिने ते ऐकलं होतं. नानांनी ते वाचून दाखवलं नाही. कागद माझ्याकडे सरकवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, "तुम्हाला लिहून घ्या म्हणाली ती."

"हो नाना."

"आणि तुम्ही बरं म्हणालात."

त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. खात्री करून घेतल्यासारखं म्हटलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले. पायरी तापलेली होती आणि मला उठायचं सुचत नव्हतं.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परत जायचं तर पुन्हा संमती घे. आणि एक गोष्ट. तिने सांगितलेलं एक अक्षरही तिच्या सासूसमोर बोलायचं नाही. तिने ते सासू नसताना सांगितलंय, हे विसरू नकोस." त्यांचं बरोबर होतं. त्या वेळी मला सगळ्यांचंच बरोबर वाटत होतं.

दोन दिवसांनी गेले. घरात रेखा नव्हती. ती माहेरी गेली होती, धुळ्याच्या अलीकडे, आणि परत कधी येईल ते ठरलेलं नव्हतं. अंगणात लीलाबाई एकट्याच बिबडे घालत होत्या. ओल्या फडक्यावर ज्वारीचा चीक थापायचा आणि वाळायला टाकायचा. मी पदराने डोकं झाकून त्यांच्याजवळ बसले. पाण्यापावसाचं बोलून झालं, कुणाच्या लग्नाचं झालं. थापता थापताच त्यांनी विचारलं, "मी पानी लेवाले गई तवय तिनी काय सांगं तुमले?"

मी म्हणाले, "आत्या, मला ते सांगता येत नाही."

त्यांचा हात थांबला. चिकाचा गोळा तसाच हातात. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. रेकॉर्डर बंद होता, पिशवीत होता. त्यांचं बोलणं मला जसं आठवतं तसं सांगते.

रिक्षात त्या दोघीच मागे होत्या, रेखाचा नवरा मोटरसायकलवर मागून येत होता. गावाचा फाटा गेला आणि बाळ झालं. एवढंसं, ओंजळीत मावेल असं. रेखाचे डोळे मिटलेले. बाळ रडलं. लीलाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. रिक्षाला दोन्ही बाजूंनी झळा येत होत्या, चुलीतून येतात तशा. एवढ्याशा जिवाला झळ लागू नये म्हणून त्यांनी पदर काढून त्याला सगळीकडून झाकलं. ते पुन्हा एकदा रडलं. गिरणेचा पूल आला तेव्हा शांत होतं. त्यांना वाटलं, झोपलं. दवाखान्याच्या दारात पदर काढला.

"तोंडबी झाकाई गयं का काय," त्या म्हणाल्या. "माले समजत नही. मनाच पदर व्हता." माझाच पदर, असं त्या म्हणत होत्या.

दारात सिस्टरने विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, मरेलच व्हता. एकदा बोलल्यावर तेच कागदावर चढलं, तेच गावात, तेच मुलापाशी. सुनेला शुद्ध नव्हती असं त्या धरून चालल्या होत्या. नंतर ती "रडला होता" म्हणायला लागली तेव्हा बाळंतपणात असे भास होतात, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

मी म्हणाले, "आठव्या महिन्याचं बाळ, वजन कमी, वाटेत जन्मलेलं. ते झाकल्यामुळेच गेलं असं कुणीच म्हणू शकत नाही." हे मी डॉक्टरांकडून ऐकलेलं होतं आणि खरंही होतं. त्यांनी ऐकून घेतलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"तुम्ही रेखाला सांगाल का?" मी विचारलं. "की मी सांगू?"

"माले तोंड नही," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरला. चीक लागलेला, ओला हात. "मी जिती शे तवलोक कोनले सांगू नका. लिखू बी नका."

एकीने लिहून घ्या म्हटलं होतं, दुसरी लिहू नका म्हणत होती, आणि दोघी एकाच बाळाबद्दल बोलत होत्या.

तिथून मी रेखाच्या माहेरी गेले. जायला नको होतं असं मला आजही कधी कधी वाटतं. पण तिचं बोलणं मला उशिरा का होईना समजलंय, एवढं तरी तिला सांगायचं होतं. ती शेवग्याच्या झाडाखाली बसली होती. त्या दिवसापेक्षा अजून वाळली होती. मी तिला तिचं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. मी उगाच मान हलवली. चूक झाली माझी."

तिने कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं, सातवी झालेली. आपल्याच बोलण्यावरून तिने बोट फिरवलं. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून जपून, म्हणाली, "ताई, आता मलाच खात्री राहिली नाही. सगळे म्हणतात भास झाला. आई पण म्हणते. मी रोज आठवते आणि रोज आवाज बारीक होत चाललाय."

मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनीही ऐकलंय. दोन शब्दांपलीकडे काही नव्हतं ते, आणि या मुलीला तेवढंच हवं होतं. माझ्या हातावर लीलाबाईंच्या हातचा चीक वाळून पांढरा झाला होता. मी तो खरवडत राहिले. शेवटी म्हणाले, "तू सासूबाईंना विचार. तूच विचार एकदा." ती हसली. काय विचारायचं आणि कुणाला, असं ते हसणं होतं. निघताना तिला माझ्या नंबरचं माहितीपत्रक पुन्हा दिलं. देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

अहवाल झाला. रेखाचं वाक्य मी त्यात घेतलं, गाव-नाव काढून. 'वाटेतली बाळंतपणं' या मथळ्याखाली, इतर सात-आठ बायकांच्या वाक्यांबरोबर. छापून आल्यावर मी ते पान उघडलं. वाक्य बरोबर होतं, अवतरणचिन्हंही बरोबर होती. त्याच्या वर एका बाईचं रस्त्याबद्दलचं वाक्य, खाली एकीचं रिक्षाच्या भाड्याबद्दलचं. कुणी वाचलं असेल तर डोळे पुढे गेले असतील. लिहून घ्या म्हणताना तिला हे म्हणायचं नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

नंतर मी ते काम सोडलं नाही. लोकांना वाटतं सोडलं असेल. दुसरे अभ्यास आले, क्षयरोगाचा आला, डायलिसिसवरच्या लोकांचा आला. मी आता कूलर बंद करायला सांगते, घाम गाळत बसते. नाही कळलं तर पुन्हा विचारते, लोक वैतागेपर्यंत. एसटी चुकवते. पण पुढची तीन वर्षं माझ्या मनात जे चाललं होतं ते सांगायला जड जातं. लीलाबाई पंचावन्नच्या आतबाहेर होत्या. मी जिती शे तवलोक, असं त्या म्हणाल्या होत्या. मी कधी भाजी निवडताना, कधी बसमध्ये खिडकीशी, हिशेब करायचे की अजून किती वर्षं. मला माठातलं पाणी आणून देणारी, हातपंखा शोधून देणारी बाई, आणि मी तिच्या मरणाची वाट बघत होते. स्वतःला थोबाडीत मारावी असं वाटायचं. त्या जगाव्यात असं वाटलं की तिकडे रेखाचा तो आवाज रोज बारीक होत असेल, हे डोळ्यांसमोर यायचं. नियम मोडून सांगून टाकावं असं वाटलं की तो ओला हात मनगटावर यायचा. यातून बाहेर पडायची वाट कुणी मला शिकवली नव्हती. मॅडमना एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही ग."

गेल्या वैशाखात, सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. अनोळखी नंबर. "ताई, मी बोलतेय," म्हणून तिने गावाचं नाव सांगितलं आणि मी उठून कूलर बंद केला. ती सासरीच होती. कधीची परत आली होती. दोन वर्षांची मुलगी होती तिला, मागे तिचा आवाज येत होता. लीलाबाई पंधरा दिवसांपूर्वी गेल्या. पोटाचा आजार, तीन महिने अंथरुणावर. रेखानेच सगळं केलं.

"जायच्या आधी दोन दिवस," रेखा म्हणाली, "मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, त्या जळगावच्या ताईले इचार. मी तिले सांगेल शे. काय विचारू म्हटलं तर भिंतीकडे तोंड केलं."

मग तिने अहिराणीतच विचारलं, "काय सांगं व्हतं त्यासनी तुमले?"

मी सगळं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. फाट्यापाशी तो झाला, तेव्हा रडला. सासूबाईंच्या मांडीवर पुन्हा रडला. पूल येईपर्यंत होता. त्यांनी ऐकलं होतं, दोन्ही वेळा. त्यांनी त्याला पदराने झाकलं होतं आणि पुढे मरेपर्यंत त्यांना तो पदर सुटला नाही. तुला भास झाला असं त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं होतं हे त्यांना माहीत होतं. मी बोलत असताना पलीकडे मुलगी काहीतरी मागत होती आणि रेखा तिला उत्तर देत नव्हती.

माझं बोलून झालं. मी वाट बघत राहिले. ती रडेल, चिडेल, तीन वर्षं तुम्ही गप्प कशा राहिलात म्हणेल.

"ऊन लई व्हतं ना, ताई," ती म्हणाली. "कोन्ही बी झाकतं."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे जगला तो. फाट्यापासून पुलापर्यंत जगला." आणि लगेच, "मंग त्याले नाव ठेवता ई."

मी म्हणाले, "हो. ठेव ना."

तिला विचार करावा लागला नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने नाव सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं, आणि मला म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं. उच्चार चुकला, तो तिने दुरुस्त केला. ते नाव मी इथे लिहीत नाही.